शंभर पावलांचा कायदा

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’ ठरला आणि त्यातला ‘नकोसा शेजार’ संपादकांनी माझ्याकडे सोपवला. परमिट रूम, देशी दारूचा बार, ऑर्केस्ट्रा बार, कोठा. मोठ्या शहरात हे सगळं असतंच आणि त्याला गिऱ्हाईकही असतं. मात्र आपल्या जिन्याखाली, मुलीच्या शाळेसमोर किंवा देवळाच्या वाटेवर ते कुणालाच नको असतं. मग ते असावं कुठे? हे ठरवतं कोण आणि मोजतं कशानं? गिरगावपासून लालबाग-परळपर्यंत हिंडताना मी एवढाच प्रश्न धरून चाललो होतो.

ठाकूरद्वारच्या नाक्यापासून सुरुवात केली, कारण या प्रश्नाची सगळी गुंतागुंत तिथे उभ्या जागी दिसते. नाक्यावरून कुठल्याही दिशेला निघा, देऊळ लागतं. पुढे शाळा. शाळेला लागून चाळ, चाळीच्या तळमजल्यावर गाळे. एका गाळ्यात पूजेचं साहित्य, शेजारी स्टेशनरी, त्यापलीकडे काळ्या काचेचं दार आणि वर ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ अशी पाटी. संध्याकाळी सहाला दार उघडं होतं. आत कांदा चिरण्याचा आवाज, बाहेर वेटर गिऱ्हाइकांची वाट बघत उभा. समोरच्या देवळातून आरती ऐकू येत होती. देवळाकडे निघालेल्या बायका त्या दाराकडे न बघता पुढे जात होत्या. वर्षानुवर्षांची सवय होती ती, दोन्ही बाजूंची.

हे दार देवळापासून कायद्याने पुरेसं लांब आहे. कायद्याच्या भाषेत पुरेसं म्हणजे 75 मीटर. सामान्य माणसाची शंभरेक पावलं.

टेप कुठे धरायची

राज्यात विदेशी मद्याचे परवाने 1953 च्या नियमावलीनुसार दिले जातात. परमिट रूम आणि वाईन शॉप त्यातच येतात. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेपासून 75 मीटरच्या आत परवाना द्यायचा नाही, ही अट त्यातलीच. देशी दारूसाठी 1973 ची वेगळी नियमावली आहे. आकडा सोपा आहे. सगळी लढाई असते ती टेप कुठे धरायची यावर, आणि नियमाने त्याचंही उत्तर देऊन ठेवलं आहे. बारच्या प्रवेशद्वाराच्या मध्यबिंदूपासून निघायचं. पादचारी ज्या जवळच्या वाटेने सहसा जातो त्या वाटेने चालायचं. संस्थेला कुंपणभिंत असेल तर तिच्या सर्वांत जवळच्या फाटकाच्या मध्यावर थांबायचं, भिंत नसेल तर दाराच्या मध्यावर.

म्हणजे कावळा उडतो ती सरळ रेषा इथे चालत नाही. शाळेची भिंत आणि बारची भिंत एकमेकींना टेकलेली असू शकते. फाटक दुसऱ्या गल्लीत असेल आणि वळसा 80 मीटरचा पडत असेल, तर नियम पाळला गेला.

मी भाच्याला सोबत घेऊन एका गल्लीत टेप लावून पाहिली. कुठली गल्ली, कुठला बार ते लिहीत नाही, मला कुणाची तक्रार करायची नव्हती. पहिली अडचण दोन मिनिटांत आली. फुटपाथवर भाजीवाली बसली होती, तिच्या पुढ्यातून टेप नेता येईना. पादचारी ‘सहसा’ कुठून जातो? तिथले सगळेच रस्त्यावर उतरून चालतात. दुसरी अडचण रस्ता ओलांडण्याची. झेब्रा पट्ट्यांवरून जायचं तर नाक्यापर्यंत जाऊन परत यावं लागतं. सरळ ओलांडलं तर आकडा एकदम खाली येतो. तिसरी अडचण देवळाची. पुढचं दार हमरस्त्यावर, बाजूचं गल्लीत, आणि गल्लीतलं दार फक्त उत्सवात उघडतात असं पुजारी म्हणाले. मग ते फाटक धरायचं की नाही? एका वाटेने माप 75 च्या पुढे गेलं, दुसऱ्या वाटेने बरंच अलीकडे थांबलं. दोन्ही मापं खरी होती. भाजीवालीनं आमची धावपळ बघून विचारलं, ‘‘बार बंद होणार का?’’ मी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, ‘‘मग मोजता कशाला?’’

मोजणी करणाऱ्या निरीक्षकाच्या हातात नेमकी हीच जागा असते. तो खोटं लिहितो असं मी म्हणत नाही. त्याने खरं लिहायचं ठरवलं तरी दोन खऱ्या मापांतून एक निवडावंच लागतं, आणि त्या निवडीवर कुणाचा तरी लाखोंचा धंदा आणि कुणाच्या तरी घराची शांतता अवलंबून असते.

देऊळ कोणतं, शाळा कोणती हेही नियमात सांगितलं आहे. धार्मिक संस्था म्हणजे देऊळ, मठ, मशीद, चर्च, सिनेगॉग, अग्यारी. पण ती 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाच्या ताब्यातली हवी. चाळीच्या दर्शनी भागातलं दत्ताचं देऊळ, नाक्यावरचा क्रूस, पिंपळाखालचा मारुती यांच्यापुढे रोज शेकडो माणसं हात जोडतात. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद नसेल तर टेपसाठी त्यांचं अस्तित्व नाही.

शाळेच्या व्याख्येत पूर्वप्राथमिकपासून महाविद्यालयापर्यंत सगळं आहे. खासगी शिकवणी वर्ग मात्र वगळले आहेत. हे वगळणं किती चुकीचं आहे ते दादरला कळतं. स्टेशनबाहेर छबिलदास शाळेच्या गल्लीत संध्याकाळी उभे राहा. शाळा सुटून मुलं घरी गेलेली असतात, फाटकाला कुलूप असतं. पण वरच्या मजल्यांवरच्या क्लासेसमधून रात्री आठ-नऊला पोरांचे लोंढे उतरत असतात. बार भरतो त्याच वेळी. कायदा कुलूप लावलेल्या शाळेपासून अंतर मोजतो आणि ज्या जिन्यावरून मुलं त्या क्षणी खाली येत असतात त्या जिन्याकडे बघतही नाही.

परवाना मुक्काम हलवतो

बाहेरच्या माणसाला वाटतं, दारूचं दुकान उघडलं म्हणजे सरकारने नवा परवाना दिला. वाईन शॉप आणि देशीच्या दुकानांच्या बाबतीत तसं नसतं. 1970 च्या दशकापासून राज्याने हे नवे परवाने देणं थांबवलं. त्यामुळे जुना परवाना ही मोठी मालमत्ता झाली. तो हस्तांतरित होतो, भागीदारीत जातो, आणि मुख्य म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेता येतो. गाळा पुनर्विकासात गेला, जुन्या वस्तीतलं गिऱ्हाईक सरलं की परवाना नवी जागा शोधतो. एका सकाळी तुमच्या इमारतीखालच्या गाळ्यात रंगकाम सुरू होतं आणि कुणीतरी सांगतं, वाईन शॉप येतंय. भांडणं पेटतात ती या स्थलांतरावर.

मुंबई शहर जिल्ह्यात हे कागद फोर्टमधल्या जुन्या जकात घरात, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या उत्पादन शुल्क शाखेत फिरतात. अर्ज, गाळ्याचा नकाशा, जागेवर जाऊन केलेली पाहणी, अंतराचा पंचनामा, हरकती. पाहणीच्या वेळी रहिवाशांपैकी कुणी हजर असतंच असं नाही. पाटी लागल्यावर आरडाओरडा होतो, तोवर कागदावर मीटर लिहून झालेले असतात.

लालबागमध्ये एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर, गॅलरीत बसून एका बाईंशी बोललो. त्यांच्या खोलीखाली अनेक वर्षं देशीचा बार होता. त्यांचे सासरे गिरणीत होते आणि पगाराच्या दिवशी तिथेच बसायचे. त्या सांगत होत्या, ‘‘तेव्हा पिणारे सगळे ओळखीचे. कुणी पडला तर कुणाचा मुलगा ते ठाऊक असायचं, उचलून घरी न्यायचे. आता बाहेरून येतात. मोटारसायकल जिन्याच्या तोंडाशी लावतात. मुलगी कामावरून नऊला येते, तिला खाली जाऊन घेऊन यावं लागतं.’’ देऊळ किती अंतरावर आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची तक्रार जिन्याची होती, आणि जिन्यापासूनचं अंतर मोजायला कुठल्याही नियमात टेप नाही.

गिरणगावाचं दारूशी नातं जुनं आहे आणि सरकारचं गिरणगावाच्या दारूशी भांडणही तितकंच जुनं. 1 ऑगस्ट 1939 रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळातल्या डॉ. गिल्डर यांनी मुंबईत दारूबंदी आणली, तेव्हा डोळ्यांपुढे कामगाराचा पगार होता. ती फार टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर 1949 चा कायदा आला आणि एप्रिल 1950 पासून सगळ्या राज्यात बंदी. बंदीच्या वर्षांत दुकानं गेली आणि घराघरांत गुत्ते उघडले. हातभट्टीची दारू रबरी ट्यूबमधून आणि दुधाच्या कॅनमधून चाळीत पोचायची. गुत्त्याला शाळेपासून अंतर नव्हतं, वेळ नव्हती, तपासणी नव्हती. होता तो फक्त हप्ता. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा अजूनही तोच आहे. म्हणून आजही पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि काउंटरवर एका दिवसाचा परवाना देशीला दोन रुपयांत, विदेशीला पाच रुपयांत मिळतो.

दारूचं दुकान बंद पाडण्याचा एक रस्ता बायकांनी लढून मिळवला आहे. गावात किंवा शहरातल्या प्रभागात महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी एक चतुर्थांश जणांनी सहीनिशी मागणी केली तर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली की दुकान बंद. गावांमध्ये या आडव्या बाटलीनं मोठं काम केलं. मुंबईत मात्र एका प्रभागाची लोकसंख्या सरासरी पन्नास हजारांच्या वर आहे. लालबागच्या त्या बाईंनी जिन्यासाठी किती हजार सह्या गोळा करायच्या? हत्यार चांगलं आहे, पण मुंबईच्या मापाचं नाही.

मार्च 2025 मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात नवं बीअर किंवा दारूचं दुकान यायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. पहिल्यांदाच अंतर बाजूला ठेवून वर राहणाऱ्या माणसाला विचारलं गेलं. पण गिरगावात आणि लालबागेत अनेक घरं पागडीची आहेत. तिथे सोसायटीच नाही. घरमालक आहे, आणि गाळ्याचं भाडं त्यालाच मिळतं. ज्या वस्तीला या प्रमाणपत्राची सगळ्यात जास्त गरज आहे, तिच्याकडे ते द्यायला-नाकारायला संस्था नाही. भाडेकरूंच्या बहुमताला तोच हक्क दिल्याशिवाय हा नियम चाळीत पोचणार नाही.

एक किलोमीटर

आता त्या आकड्याकडे येतो, ज्याने या सगळ्या मोजमापाचा खरा अर्थ उघडा पाडला.

ऑगस्ट 2005 मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने राज्यातले डान्स बार बंद झाले. मुंबई पोलीस कायद्यात कलम घालून बंदी आली. तारांकित हॉटेलं, क्लब आणि जिमखाने मात्र बंदीतून सुटले. नेमक्या याच भेदभावावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2006 मध्ये बंदी रद्द ठरवली आणि जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मधल्या काळात बारमध्ये नाचणाऱ्या बाया रस्त्यावर आल्या त्या आल्याच. न्यायालयापुढे आलेला आकडा 75 हजारांचा होता. वर्षा काळे यांच्या बारबालांच्या संघटनेने मोर्चे काढले, एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि स्त्री संघटनांनी या बायकांना भेटून पाहणी केली. त्यांतल्या किती जणींच्या कमाईवर घर चालतं हे त्यातून पहिल्यांदा कागदावर आलं.

2014 मध्ये सरकारने पुन्हा बंदी घातली, यावेळी तारांकित हॉटेलांसह. तीही न्यायालयात अडली. मग 2016 मध्ये नवा कायदा आला. बंदी नाही, परवाना मिळेल, फक्त अटी पाळा. अटींत एक होती: शैक्षणिक आणि धार्मिक संस्थांपासून एक किलोमीटर.

नकाशा काढून बसलो आणि हिशेब केला. 75 मीटर त्रिज्येचं वर्तुळ आणि एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ यांच्या क्षेत्रफळात जवळपास 178 पटींचा फरक पडतो. एका शाळेभोवती तीन चौरस किलोमीटरहून जास्त जागा बाद. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं मुंबई शहर सगळं मिळून 68 चौरस किलोमीटरच्या आसपास. तीस-चाळीस शाळा नीट अंतराने मांडल्या तर अख्खं शहर झाकलं जाईल, आणि इथे तर एकट्या गिरगावात एका फेरीत डझनभर शाळा दिसतात. चिकित्सक समूहाची शाळा, आर्यन, राममोहन, पलीकडे विल्सन कॉलेज. देवळं मोजायचीच नाहीत. असा परवाना मिळवायला समुद्रात जागा शोधावी लागेल.

17 जानेवारी 2019 रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि अशोक भूषण यांनी ही अट रद्द केली. मुंबईत शाळा आणि देवळापासून एक किलोमीटर दूर अशी जागा सापडणं कठीण आहे, हे वास्तव लक्षात न घेता घातलेली अट मनमानी आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. सरकारला वाजवी अंतर ठरवता येईल, असंही त्यांनी म्हटलं. नाचण्याच्या जागेत सीसीटीव्ही लावण्याची अट खासगीपणावर घाला म्हणून गेली. नोटा उधळण्यावरची बंदी राहिली आणि संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळही राहिली.

मला या निकालातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो हा: जे थेट बंद करता येत नाही ते अंतराच्या आडून बंद करायचं नाही. नियम असा हवा की तो पाळून धंदा करणं शक्य असेल. पाळताच येणार नाही असा नियम केला की धंदा थांबत नाही. तो ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर चालतो, आणि दर महिन्याला त्याची किंमत वेगळ्या खिशात जाते. रेड पडली की मालक जामिनावर सुटतो. पोलिसांच्या गाडीत तोंडावर ओढणी घेतलेल्या बायका दिसतात. ऑर्केस्ट्रा बारमध्ये चार पुरुष आणि चारच स्त्रिया, असं बंधन होतं. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केलं. कलाकार आठच असू देत, त्यांत स्त्रिया किती हे सरकारने ठरवायचं नाही.

पुलाच्या दोन्ही बाजू

ऑपेरा हाऊसवरून केनेडी ब्रिज चढलात की डाव्या-उजव्या हाताला दोन शहरं दिसतात. एकीकडे गिरगाव, दुसरीकडे ग्रँट रोड. पुलाजवळ काँग्रेस हाऊस. स्वातंत्र्यलढ्यात मुंबई प्रांतिक काँग्रेसचं कार्यालय तिथे होतं, आणि त्याला लागून गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची जुनी वस्ती. इथल्या बैठकांनी ठुमरी आणि मुजऱ्याचे दिवस पाहिले. मुजऱ्याचं गिऱ्हाईक डान्स बारकडे गेलं तेव्हा इथल्या अनेक मुली बारमध्ये नाचू लागल्या. बंदी आल्यावर पुन्हा तिथेच परतल्या. विधिमंडळात आकडा बदलतो तेव्हा त्याचा धक्का या खोल्यांना बसतो.

पुढे फॉकलंड रोड, म्हणजे आताचा पठ्ठे बापूराव मार्ग, आणि कामाठीपुरा. इंग्रजांनी इथे वेगळी रीत वापरली. वेश्याव्यवसाय दूर पांगवण्याऐवजी एका जागी आणला. 1868 च्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची केली, पुढे पोलीस आयुक्तांना त्यांना रस्त्यांवरून हटवण्याचे अधिकार मिळाले, आणि हळूहळू शहराचा हा धंदा काही गल्ल्यांत कोंडला गेला. गोऱ्या बायकांसाठी त्यांनी कर्सेतजी सुखलाजी स्ट्रीट राखली, लोक तिला सफेद गल्ली म्हणत.

स्वतंत्र भारतात 1956 चा कायदा आला. 1986 मध्ये तो सुधारला आणि अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा या नावाने तो आज चालतो. त्यात वेश्याव्यवसाय करणारी एकटी बाई गुन्हेगार नाही. कुंटणखाना चालवणं मात्र गुन्हा आहे. आणि पूजास्थान, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्यापासून 200 मीटरच्या आत हा व्यवसाय केला तर तिलाही शिक्षा आहे. 200 मीटर! कामाठीपुऱ्याच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून 200 मीटर मोजा; मशीद, देऊळ, चर्च, दवाखाना, महापालिकेची शाळा यांपैकी काही ना काही लागेलच. याचा अर्थ असा की ती बाई गुन्हेगार नाही, पण जिथे ती उभी राहील ती जागा गुन्हा आहे. अंतराचा नियम सगळ्यात क्रूरपणे कुणावर चालत असेल तर तो तिच्यावर. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं की या बायकांना सन्मानाने वागवा, छाप्यात त्यांना अटक किंवा दंड करू नका. गल्लीतल्या एका कार्यकर्तीने सांगितलं, ‘‘आदेशाची झेरॉक्स पर्समध्ये ठेवायला सांगते मी सगळ्यांना.’’ तिने स्वतःची प्रत उघडून दाखवली. घडीवर फाटलेली, पारदर्शक पट्टीने जोडलेली.

आता कामाठीपुऱ्याचा म्हाडामार्फत पुनर्विकास होऊ घातला आहे. खोली ज्याच्या नावावर आहे त्याला घर मिळेल. खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

एकत्र ठेवायचं की पांगवायचं हा पेच जगातल्या शहरांनीही सोडवून पाहिला आहे. अमेरिकेत डेट्रॉईटने 1972 मध्ये पांगवण्याचा नियम केला. प्रौढांसाठीची चित्रपटगृहं, बार, पूल हॉल असे धंदे एकमेकांपासून हजार फूट दूर असावेत आणि घरांपासून पाचशे फूट. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये तो उचलून धरला. बोस्टनने 1974 मध्ये उलट केलं आणि एक ठरावीक भाग याच धंद्यांसाठी नेमून दिला. न्यूयॉर्कने 1995 मध्ये अंतरं घातली तेव्हा दुकानदारांनी साठ टक्के साधा माल आणि चाळीस टक्के दुसरा माल ठेवून नियमाबाहेर राहण्याची सोय केली. टेप चुकवण्याची कला सगळीकडे सारखीच आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरची अट घातली, तेव्हा केरळातल्या एका बारने समोरच्या आवारात भिंतींचा चक्रव्यूह बांधून चालण्याचं अंतर वाढवलं होतं.

पण अमेरिकेतल्या त्या नियमांत एक गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. तिथल्या न्यायालयांनी पालिकांना विचारलं: तुम्ही नियम केलात, ठीक, पण तो पाळून धंदा करायला शहरात जागा उरते का, ते दाखवा. आपल्याकडे हा प्रश्न विचारायला 2019 उजाडावं लागलं, आणि तोही बार मालकांनी न्यायालयाची पायरी चढल्यामुळे विचारला गेला.

गिरणीच्या फाटकाआत

परळला आलं की हिशेब पुन्हा उलटतो. केईएम, टाटा, वाडिया रुग्णालयं, भोईवाड्याच्या चाळी, आणि त्यांच्या पलीकडे गिरण्यांची आवारं. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या उभ्या राहिल्या नाहीत आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, कचेऱ्या, पब आले. गिरणीचं आवार खासगी असतं, आत सहसा देऊळ-शाळा नसते, फाटक बहुधा एकच आणि तेही आतून लांब. अंतराचा नियम इथे आपोआप पाळला जातो. शिवाय वर राहणारं कुणी नाही, आरडाओरडा करणारं कुणी नाही. शहराला वाटलं, नकोशा शेजाराला शेवटी योग्य जागा मिळाली.

29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमधल्या गच्चीवरच्या दोन पबना आग लागली आणि 14 माणसं गेली. त्या जागेत काय चुकलं होतं ते चौकशीत आलंच: गच्चीवरची बांधकामं, पेटणारं छप्पर, बाहेर पडायला अपुरी वाट. शाळेपासूनचं अंतर त्या 14 जणांच्या कामाचं नव्हतं. जिन्याची रुंदी कामाची होती.

आपण कायद्याची सगळी ताकद ‘कुठे’ या प्रश्नावर लावतो, आणि ‘कसं’ हा प्रश्न महापालिका, पोलीस, अग्निशमन दल आणि उत्पादन शुल्क यांच्यात वाटून टाकतो. शेजाऱ्याला त्रास होतो तो ‘कसं’चा. किती वाजता बंद होतं, गाड्या कुठे लावतात, रिकाम्या बाटल्या कोण उचलतं, आत काम करणाऱ्या मुलीला रात्री घरी पोचवायची व्यवस्था आहे का, मागचं दार आतून कुलूपबंद तर नाही ना. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने बारला महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला मनाई केली. ठीक केलं. पण बारच्या पाटीइतकं लक्ष बारच्या मागच्या दाराकडे गेलं असतं तर काही जीव वाचले असते.

माझं मत स्पष्ट आहे. शाळेपासून थोडं अंतर हवं. शंभर पावलं हा वाजवी आकडा आहे, तो राहावा, आणि त्यात शिकवणी वर्ग यावेत. त्याहून लांबची अंतरं मुंबईत बंदीचीच दुसरी नावं आहेत आणि ती सर्वांत आधी गरीब बाईला चिरडतात, म्हणून 200 मीटरचं ते कलम जायला हवं. वर राहणाऱ्याचं मत घेतलं जावं, तो सोसायटीचा सभासद असो वा पागडीचा भाडेकरू. आणि परवान्याचं नूतनीकरण वर्षभर शेजाऱ्यांशी कसं वागलात यावर व्हावं.

तोवर वाचकांना एक सांगणं. तुमच्या इमारतीखाली किंवा शेजारच्या गाळ्यात मद्याचा परवाना येणार अशी कुणकुण लागली, तर पाटी लागायची वाट पाहू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या उत्पादन शुल्क शाखेत लेखी हरकत द्या, तिच्या प्रतीवर पोच घ्या, आणि अंतर मोजायला येतील त्या दिवशी आम्हाला बोलवा असं त्यात लिहा. मोजणी झाली असेल तर 2005 च्या माहितीच्या अधिकाराखाली पंचनामा आणि नकाशा मागा. कोणतं फाटक धरलं, कोणत्या वाटेने टेप नेली, ते त्यात लिहिलेलं असायला हवं. ती वाट स्वतः चालून पाहा आणि कागदाशी ताडून बघा.